चालत्या हृदयावर चालताना

दोन पावलं. त्यांना जोडणाऱ्या, पुढे-मागे सरकणाऱ्या बारीक तारा. मागे लांब शेपूट. एवढ्यात हार्टलँडर संपतो. धडाची लांबी साधारण दोन सेंटिमीटर. अंगात मोटर नाही, बॅटरी नाही, चाकं नाहीत, चिमटे नाहीत. अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात कॅमेरॉन रिव्हिएर आणि निकोलस पॅट्रोनिक यांनी, मार्को झेनाटी या हृदयशल्यविशारदाच्या सोबतीनं, या शतकाच्या पहिल्या दशकात तो घडवला. नेमून दिलेलं काम एका वाक्यात सांगता येतं: छाती न उघडता, हृदय न थांबवता हृदयाच्या पृष्ठभागावरून चालत जायचं, सांगितलेल्या जागी थांबायचं आणि तिथे सुई टोचायची किंवा तार बसवायची.

आमच्या उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये यंत्राचं कौतुक त्याच्याकडे नुसतं बघून कुणी करत नाही. आधी ते उघडतात. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींमध्ये फाळणीनंतर आलेली माणसं वसली, ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं, आणि हाताशी जे येईल ते उघडून, समजून घेऊन, तसंच दुसरं करून लोकांनी पोट भरलं. ‘मेड इन यूएसए’वरून आमची जी थट्टा होते तिच्यामागे ही सगळी उघडझाप आहे. इथला जुना मेकॅनिक झाकण काढतो, आत बराच वेळ बघतो आणि खरोखर खूश झाला तर एवढंच म्हणतो, “इसमें फालतू कुछ नहीं है.” याहून मोठी दाद मी इथे ऐकलेली नाही. अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या टूलरूममध्ये नोकरी केल्यामुळे माझी चवही तशीच झाली आहे. हार्टलँडरचे आराखडे पहिल्यांदा पाहिले तेव्हा तोंडात तेच वाक्य आलं. पुढचं सगळं म्हणजे त्या वाक्याचा खुलासा.

मुळात अडचण काय होती? हृदय हलतं. दिवसाला सुमारे एक लाख ठोके. शिवाय खाली श्वासपटल वरखाली होतं, बाजूला फुप्फुसं फुगतात, त्यांच्याबरोबर हृदय आणखी सरकतं ते वेगळंच. अशा वस्तूवर सुई नेमकी कशी टोचायची, या प्रश्नाला वैद्यकानं आळीपाळीनं तीन उत्तरं दिली. पहिलं: हृदय थांबवा. मे १९५३ मध्ये फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्रावर रक्त फिरवून एका तरुणीच्या हृदयातलं भोक शिवलं, आणि पुढची कित्येक दशकं हाच राजमार्ग झाला. दुसरं: हृदय चालू ठेवा, पण जिथे टाके घालायचे तेवढा तुकडा धरून ठेवा. नेदरलँड्समध्ये उत्रेख्तला कॉर्नेलियस बोर्स्ट यांच्या गटानं १९९० च्या दशकात ‘ऑक्टोपस’ नावाचं उपकरण केलं. त्याच्या चूषक वाट्या हृदयाला चिकटतात आणि मधला भाग जवळपास स्थिर करतात. बायपास करताना ते आजही वापरात आहे. तिसरं उत्तर यंत्रमानववाल्यांचं: हृदयाचा पाठलाग करा. २००१ च्या सुमारास जपानमध्ये नाकामुरा यांच्या गटानं वेगवान कॅमेऱ्यानं ठोका टिपून यंत्राचा हात त्याच तालात हलवून दाखवला. पडद्यावर तर हृदय गोठल्यासारखं दिसतं. कौतुकास्पद काम आहे, पण त्यात दमछाक आहे. हृदयाचा एखादा ठोका चुकला की पाठलाग करणाऱ्याचं काय होत असेल, हा विचार मनातून जात नाही.

हार्टलँडर चौथं उत्तर देतो, आणि या कलाकृतीचा सगळा रस मला त्या उत्तरात सापडतो. फलाटावर उभं राहून सुटलेल्या बदलापूर लोकलमधल्या माणसाच्या हातात डबा द्यायचा, तर गाडीच्या वेगानं धावावं लागतं, तेही फलाट संपेपर्यंतच. आपणच त्या डब्यात चढलो तर? मग गाडी कितीही हलो, देणारा आणि घेणारा एकमेकांच्या हिशेबात जागच्या जागी असतात. हार्टलँडर हृदयावर चढतो. हृदय वर येतं, तोही वर येतो. हृदय वळतं, तोही वळतो. ज्या हालचालीवर मात करण्यासाठी कुणी हृदय बंद पाडलं, कुणी ते दाबून धरलं, कुणी कॅमेऱ्याची नजर तीक्ष्ण केली, ती त्याच्यापुरती उरतच नाही. ताकद वाढवून, वेग वाढवून, गणित वाढवून प्रश्न सोडवणारी यंत्रं आपण पुष्कळ बघतो. उभं राहायची जागा बदलून प्रश्नच नाहीसा करणारं यंत्र विरळा.

जागा ठरली. आता पाय टिकवायचे कसे? हृदयाचा पृष्ठभाग ओला, बुळबुळीत, कुठे चरबीनं मऊ झालेला, आणि त्यावरून हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या रोहिण्या जातात. खिळा चालणार नाही, चिमटा चालणार नाही. म्हणून ओढ वापरली, हवेची. प्रत्येक पावलाच्या तळव्याला बारीक भोकं आहेत. २००७ साली जगापुढे आलेल्या रूपात एका पावलाला वीस. भोकं निर्वाताच्या नळीला जोडलेली. नळी सुरू केली की तळवा चिकटतो, बंद केली की सुटतो. चिकटण्याची ही विद्या त्यांनी शोधलेली नाही. ऑक्टोपसनं ती हृदयावर आधीच सिद्ध केली होती. फरक हेतूत आहे. तिथे ओढ हृदयाला गप्प करण्यासाठी होती, इथे हृदयाबरोबर जाण्यासाठी आहे. तेच साधन उलट कारणासाठी वापरणं, ही मला मूळ शोधापेक्षा कणभर जास्त देखणी गोष्ट वाटते.

त्याची चाल एकदा सावकाश बघण्यासारखी आहे. मागचं पाऊल धरलेलं. पुढच्याची ओढ सोडली. तारा पुढे ढकलल्या, पुढचं पाऊल सरकलं आणि टेकलं. आता त्याची ओढ सुरू, ते धरलं. मग मागच्याची ओढ बंद. तारा मागे खेचल्या, आणि मागचं पाऊल पुढच्याजवळ आलं. एक पाऊल पूर्ण. वळायचं असेल तर डाव्या-उजव्या तारा कमीजास्त सोडायच्या. यात दोन्ही पावलं एकाच वेळी सुटलेली असा क्षण नाही. एक धरल्याशिवाय दुसरं सुटत नाही. सगळी सुरक्षा या क्रमात आहे, वेगळी बसवावी लागलेली नाही. या चालीनं तो मिनिटाला जास्तीत जास्त १८ सेंटिमीटर जातो, असं त्या वेळी नोंदवलं गेलं. ऐकायला फार नाही. पण आपलं हृदय मुठीएवढं. त्याच्या भोवती जायला ही चाल पुष्कळ झाली.

इंग्रजी वर्णनांत त्याला अळीची उपमा देतात, आपल्या शेतकऱ्यांच्या तोंडी असलेल्या उंटअळीची: पाठ वर उचलायची, मागचे पाय पुढे आणायचे. चाल तीच, पण पाऊल अळीचं नाही. पुढे एक चूषक, मागे एक चूषक, मधलं अंग लांब-आखूड होणारं, हा जळूचा सांगाडा आहे. बदलापूरच्या पुढे भाताच्या खाचरात पावसाळ्यात उतरलेल्या माणसाला हे चित्र दाखवलं तर तो विचार न करता जळूच म्हणेल. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात तेरावा अध्याय जळवा लावण्याचा आहे. जळूचे बारा प्रकार, सहा विषारी, सहा निर्विष, कोणती कशी धरावी, केव्हा सोडवावी. रोग्याच्या अंगावर एक छोटा चालणारा प्राणी सोडायचा आणि त्याच्या चिकटण्यातून काम करून घ्यायचं, ही कल्पना आपल्या वैद्यांना नवी नव्हती. याहून जास्त मी ताणणार नाही. पिट्सबर्गच्या मंडळींनी सुश्रुत वाचला होता असं सुचवणाऱ्या व्हॉट्सअॅप संदेशांचा मला मनस्वी कंटाळा आहे.

आता शेपूट. पहिल्या नजरेला ते वैगुण्य वाटतं. यंत्रमानव म्हटलं की तो सुटा, स्वतंत्र, आपल्या मर्जीनं फिरणारा असावा अशी सिनेमानं लावलेली अपेक्षा असते, आणि इथे तर दोरीला बांधलेलं पोर. पण झाकण काढून बघितलं की कळतं की सगळ्यात विचारपूर्वक केलेली गोष्ट हीच. मोटारी, झडपा, निर्वाताचा पंप, सगळं शरीराबाहेर टेबलाशेजारी ठेवलं आहे. आत जातात त्या फक्त तारा आणि नळ्या. म्हणून धड इतकं लहान होऊ शकलं. म्हणून आत गरम होणारं, गळणारं, फुटणारं फारसं काही उरलं नाही. आणि समजा काही बिघडलं, तर दोन्ही तळव्यांची ओढ बंद करायची आणि शेपूट धरून बाहेर काढायचं. टूलरूममध्ये नवीन पोरांना मी पहिल्यांदा हेच विचारायचो: जॉब अडकला तर काढशील कसा? उत्तर नसेल तर चित्र कितीही सुंदर असो, ते परत जायचं.

दरवाजाची निवडही तशीच. छातीच्या मधल्या हाडाचं खालचं टोक हाताला लागतं, त्याच्या जरा खाली छोटा छेद घेतात. तिथून हृदयाभोवतीच्या पिशवीत, हृदयावरणात शिरतात. नेहमीच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत, किंवा २००० साली अमेरिकेत परवानगी मिळालेल्या दा विंचीसारख्या मोठ्या यंत्राच्या हातांनी, हृदयाकडे बरगड्यांच्या मधून जायचं, तर वाटेत फुप्फुस येतं. ते काही काळ मिटवून ठेवावं लागतं. खालून गेलं की फुप्फुसाला हात लावावा लागत नाही. शिवाय बरगडीतून शिरलेली सरळ दांडी हृदयाच्या मागच्या बाजूला कशीबशी पोचते. हार्टलँडर चालतच असल्यामुळे पुढून शिरून मागे जातो. पिशवी आणि हृदय यांच्यातली ती अरुंद फट, जिथे दुसऱ्या कुठल्या अवजाराची घुसमट झाली असती, याला सोयीची पडते; वरून पिशवी आहे, खाली हृदय आहे, मध्ये हा.

अचूकपणाबद्दल मात्र मी आधी नाराज झालो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, बंद छातीच्या आणि चालू हृदयाच्या डुकरांवर, ठरवलेल्या जागांवर पोचण्यात सरासरी चूक १.७ मिलिमीटर आली. आमच्याकडे शतांश मिलिमीटरवरून भांडणं व्हायची; १.७ म्हणजे जॉब भंगारात. मग ध्यानात आलं की मी लोखंडाची पट्टी मांसाला लावतो आहे. इथे मोजायची वस्तू हलते, मोजणारा तिच्यावर बसून हलतो, आणि लक्ष्याची खूण पडद्यावरच्या नकाशात असते. पुढच्या पावलात बसवलेला चुंबकी संवेदक जागा सांगतो. त्या आकड्यांतून ठोक्याची आणि श्वासाची हालचाल गाळून काढावी लागते, तेव्हा कुठे ‘हृदयावर आपण कुठे आहोत’ हे कळतं. सर्जन लक्ष्य दाखवतो. आधी त्या परिसरापर्यंत भराभर जायचं, मग एकेका बिंदूवर सावकाश जुळवून घ्यायचं, असे दोन टप्पे यंत्र स्वतः सांभाळतं. इतकं सगळं पार करून दीड-पावणेदोन मिलिमीटर उरतात, तर ती मोजणी आदरानं वाचायला हवी. पुढे याच गटात नेथन वूड यांनी पाऊल टाकण्याची वेळही ठोका आणि श्वास यांच्याशी जुळवून बघितली. ठोक्याच्या कोणत्या क्षणी पाऊल सुटावं आणि कोणत्या क्षणी टेकावं, याचा विचार. म्हणजे हृदयावर बसल्यानं सुटलेला प्रश्न पाऊल उचलताना पुन्हा समोर आलाच. गाडीच्या आत बसलेल्यालाही उठून चालताना हिसका जाणवतोच की.

हार्टलँडरच्या सुईचा एक धागा आपल्याकडे, परळला जाऊन मिळतो. केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६८ मध्ये भारतातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं, हे पुष्कळांना माहीत असतं. त्याच्या तीन वर्षं आधीची गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. सापासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांचं हृदय आतून स्पंजासारखं असतं. कप्प्यातलं रक्त थेट स्नायूच्या फटींमध्ये शिरतं, रोहिण्यांवर सगळी भिस्त नसते. मग माणसाच्या रोहिण्या चोंदल्या तर स्नायूत सुईनं वाटा पाडून कप्प्यातलंच रक्त त्याला का पाजू नये? सेन यांनी तेहेम्टन उदवाडिया, किनरे आणि गुरुकुमार परुळकर यांच्याबरोबर हा प्रयोग १९६५ मध्ये अमेरिकेतल्या हृदयशल्यचिकित्सेच्या नियतकालिकात मांडला. सुईनं पाडलेल्या वाटा कालांतरानं बुजतात असं पुढे दिसलं. पण कल्पना मेली नाही. तिचंच रूप घेऊन काही वर्षांनी लेसरनं हृदयाच्या स्नायूत भोकं पाडण्याचा उपचार पाश्चात्त्य देशांत आला.

मला या यादीतलं दुसरं नाव थांबवतं. उदवाडिया. हृदयात सुया टोचण्यासाठी उघडलेल्या छातीशी उभा राहिलेला हा तरुण सर्जन पुढे १९७२ मध्ये जे. जे. रुग्णालयात पोटात दुर्बीण घालू लागला, १९९० मध्ये तिथेच दुर्बिणीनं पित्ताशय काढलं, आणि भारतातल्या छोट्या छेदाच्या शस्त्रक्रियेचा जनक म्हणून ओळखला गेला. मोठा छेद आणि छोटा छेद, दोन्ही एका माणसाच्या आयुष्यात. हार्टलँडरनं प्राण्यांवर जी कामं करून दाखवली त्यात हृदयाच्या स्नायूत अनेक जागी इंजेक्शनं देणं हे मुख्य होतं. २००८ मध्ये ‘सर्क्युलेशन’मध्ये त्याचा वृत्तान्त आला. सेन यांची सुई आणि पिट्सबर्गची सुई यांचं औषधशास्त्र वेगळं आहे, पण हाताची गरज तीच: चालू हृदयाच्या स्नायूवर, एकामागून एक, ठरलेल्या ठिकाणी टोचणं. परळला त्यासाठी छाती उघडावी लागली. इथे बोटभर वाट पुरली. शहाडहून लोकल पकडून ईसीजीची गुंडाळी आणि जुने रिपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन परळला जाणारी माणसं आमच्या गल्लीत आजही आहेत. ज्या इमारतींच्या आवारात ती रांग लावतात तिथे हा विचार एकदा होऊन गेलेला आहे.

कौतुक खूप झालं. हार्टलँडरमध्ये उणं आहे, आणि ते बारीक नाही. ज्याची बायपास एकदा होऊन गेली आहे त्याच्या हृदयावरण आणि हृदय यांच्यामध्ये चिकटे तयार होतात. ती फट, जी याची सगळी वाटचाल, तीच नाहीशी झालेली असते. म्हणजे ज्याला पुन्हा छाती उघडणं सगळ्यात धोक्याचं, त्याच रोग्याकडे हा जाऊ शकत नाही. दुसरं, हा बाहेरून फिरतो. झडपा आत असतात. लहानपणी घसा दुखून, सांधे धरून गेलेला संधिवाताचा ताप ज्यांच्या झडपा आकसवून गेला, अशी माणसं आपल्या सरकारी रुग्णालयांत पुष्कळ. त्यांच्यासाठी पृष्ठभागावरचा हा पाहुणा निरुपयोगी. आणि तिसरं, ज्या प्रयोगांवरून मी हे सगळं लिहितो आहे ते डुकरांवरचे आहेत. याच विद्यापीठात हाउवी चोसेट, अलोन वुल्फ आणि झेनाटी यांच्याच हातून घडलेला दुसरा, सापासारखा सांध्या-सांध्यांचा यंत्रमानव प्रागमध्ये रुग्णांच्या हृदयावरणात जाऊन हृदयाचा विद्युत नकाशा काढून आला. मग त्याचा धंद्यातला मार्ग घशाच्या शस्त्रक्रियेकडे वळला. साप पोचला, जळू मागे राहिली.

म्हणून काय ती कमी प्रतीची ठरते? अंबरनाथचं शिवमंदिर इसवी सन १०६० चं. गाभाऱ्यावर शिखर नाही, वर आभाळ दिसतं; पुरं झालंच नव्हतं की पडलं, यावर जाणकारांची चर्चा चालते. तरी त्याच्या बाहेरच्या भिंतीपुढे उभं राहून कुणी म्हणत नाही की आधी शिखर दाखवा, मग मूर्ती बघू. यंत्राच्या बाबतीत मात्र आपण ‘बाजारात आलं का?’ हा एकच प्रश्न विचारून मोकळे होतो. तो प्रश्न रोग्यानं विचारावा, विचारायलाच हवा. आराखडा वाचणाऱ्यानं आणखीही काही विचारावेत.

बाजारात जे आलं आहे ते बघायचं तर मायक्रा हा पेसमेकर बघावा. पेसमेकर म्हणजे गळपट्टीच्या हाडाखाली चामडीत शिवलेला डबा आणि तिथून शिरेतून हृदयापर्यंत गेलेली तार, ही पन्नास वर्षांची रचना त्यानं मोडली. लांबी २५.९ मिलिमीटर, जाडी ६.७, वजन दोन ग्रॅमच्या आत. मांडीच्या शिरेतून नळीनं हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यात नेतात आणि चार बारीक आकड्यांनी स्नायूत अडकवतात. आकडे निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूचे. वाकवले तरी मूळ आकार विसरत नाहीत. हा धातू अमेरिकी नौदलाच्या दारूगोळा प्रयोगशाळेत सापडला, हे कळल्यावर ऑर्डनन्स फॅक्टरीच्या भोंग्यावर घड्याळ लावलेल्या अंबरनाथकरांना जरा बरं वाटावं. माणसात तो पहिल्यांदा २०१३ च्या डिसेंबरमध्ये ऑस्ट्रियात लिंझला बसवला, अमेरिकेत २०१६ मध्ये परवानगी मिळाली. आता भारतातही बसवतात. बसवताना डॉक्टर त्याची दोरी हलकेच ओढून एक्स-रेच्या पडद्यावर आकडे ताणले जातात का ते बघतात. चारांपैकी किमान दोन पक्के हवेत, मगच दोरी कापून काढून घेतात. त्याला यंत्रमानव म्हणावं का? मी म्हणणार नाही. तो ऐकतो, मोजतो, ठरवतो आणि धक्का देतो, पण जागचा हलत नाही. घडण अप्रतिम आहे, उपयोग निर्विवाद आहे. चाल नाही, आणि मी चालीचा माणूस आहे.

चाल पुन्हा दिसते ती हृदयाच्या आत, बॉस्टन चिल्ड्रन्स रुग्णालयातल्या पिएर द्युपाँ यांच्या गटाच्या कामात. २०१९ मध्ये ‘सायन्स रोबॉटिक्स’मध्ये त्यांचा निबंध आला. इथे अडचण उलटी. आत रक्त भरलेलं. रक्तातून कॅमेऱ्याला लाल अंधाराशिवाय काही दिसत नाही. म्हणून त्यांनी नळीच्या टोकाला इवलासा कॅमेरा आणि दिवा ठेवला, वर पारदर्शक आवरण घातलं, आणि ते टोक मांसाला टेकवलं. टेकलं की मधलं रक्त बाजूला होतं आणि त्या ठिपक्यापुरतं दिसतं: हे नुसतं रक्त, ही भिंत, ही झडप. पाहणं आणि स्पर्श एकाच अवयवात. मग ती नळी भिंतीला हलकेच घासत पुढे सरकते, झुरळं अंधारात कडेकडेनं जातात त्या रीतीनं, आणि महारोहिणीच्या झडपेपर्यंत पोचते. तिथे बसवलेल्या कृत्रिम झडपेच्या कडेनं जी गळती होते ती जागा शोधायची. जिवंत डुकरांवरच्या ८३ फेऱ्यांपैकी ९५ टक्क्यांत नळी माणसाचा हात न लागता पोचली.

रस कुठे आहे, असं विचाराल तर मी म्हणेन, माघार घेण्यात. हृदयाचा पूर्ण नकाशा मिळवून मग जायचं, हा मोह त्यांनी सोडला. जेवढं टोकाला टेकलं आहे तेवढंच जग, आणि तेवढ्यावर पुढची हालचाल. तरी हे यंत्र माझ्या मेकॅनिकच्या कसोटीला हार्टलँडरइतकं उतरत नाही. एकात एक सरकणाऱ्या, आधीच वाक दिलेल्या नळ्या, त्या फिरवणाऱ्या मोटारी, चित्रं ओळखायला शिकवलेला संगणक: झाकण काढल्यावर बरंच काही निघतं, आणि त्यातलं काय काढून टाकता येईल हे मला अजून सांगता येत नाही. एक गोष्ट मात्र त्यांनी माणसाकडे ठेवली. गळतीपर्यंत नळी आपली आपण गेली. भोकात बूच बसवण्याचं काम टेबलाशी उभ्या असलेल्या सर्जनच्या हातानं झालं.